पोर्चचा दिवा

आर्विड निगार्डच्या स्वयंपाकघरात जिथे जेवणाचं टेबल होतं, तिथे आता साडेसहा फूट उंच थिएटरचा प्रोजेक्टर उभा होता, आणि आर्विड कपडे धुण्याच्या मशीनवर ताट ठेवून उभ्यानेच जेवत होता. गावातलं एकुलतं थिएटर बंद पडून तिथे टायरचं दुकान निघालं, तेव्हा मालकाने हे धूड आणि एका जुन्या काउबॉय सिनेमाची रिळं त्याला फुकट दिली. ठेवायचं होतं तळघरात. पण जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर चार माणसांनी हात टेकले आणि यंत्राची वरात स्वयंपाकघरात परतली.

मग भिंग आडवं आलं. ते लांबच्या पडद्याचं. जवळच्या भिंतीवर चित्र पोस्टकार्डाएवढंच पडे. घरातली सगळ्यांत लांब रेघ एकच होती : स्वयंपाकघरातून थेट बैठकीच्या रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपर्यंत. त्याने मधलं दार बिजागऱ्यांतून उतरवलं आणि त्या खिडकीवर मार्लिसची पातळ पांढरी चादर ताणून बसवली.

मार्लिस त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. थिएटरात ती तिकीटखिडकीवर असायची आणि हा वरच्या खोलीत एकटा, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर डोळे लावून. तिथे ठिपका चमकला की रीळ संपत आलं असं समजायचं. चाळीस वर्षांत त्याने प्रेक्षकांची तोंडं म्हणून पाहिली नाहीत. पण खेळ सुरू झाला की मार्लिस जिना चढून यायची, दारातूनच सांगायची, "आज त्रेसष्ट," आणि खाली जायची. तेवढ्यावर त्याची संध्याकाळ निघायची. ती गेल्यापासून त्याला कुणी आकडा सांगितला नव्हता. हा सगळा खटाटोप त्यासाठीच होता, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नसतं.

लायब्ररीच्या फळ्यावर त्याने चिठ्ठी लावली : शनिवारी पाचला आर्विडकडे सिनेमा, सर्वांनी यावं. आठ खुर्च्या मांडल्या, दोन भांडी भरून पॉपकॉर्न केले. डिसेंबरात पाचला काळोखच असतो. पाचला दहा कमी असताना त्याला चादरीवर पिवळा पट्टा दिसला. बाहेरच्या पोर्चच्या दिव्याचा. पडद्यावर परका उजेड म्हणजे ऑपरेटरच्या डोळ्यांत कुसळ; त्याने दिवा बंद केला.

इथेच घोडं पेंड खाणार होतं. या गावात पोर्चचा दिवा बंद म्हणजे आज दार वाजवू नका. हॅलोवीनला गोळ्या मागत फिरणारी पोरंसुद्धा असं घर टाळून पुढे जातात. आर्विडला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी तो घरमालक नव्हता.

पाच वाजले. सव्वापाच झाले. कुणी आलं नाही. हॉल रिकामा असला तरी खेळ थांबवायचा नाही, या जुन्या नियमाने त्याने यंत्र सुरू केलं आणि पहिलं रीळ मान खाली घालून चालवलं. मार्लिसला पुरून आला त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घरात माणसं होती.

दुसऱ्या रिळात चित्र सरकलं. घोड्याचे पाय वर गेले, काउबॉयची टोपी खाली आली. तोच बाहेर एक हॉर्न वाजला. मग दुसरा, मग पाच-सहा एकदम. आर्विडचा हात सवयीने कळीवर गेला, चित्र जागेवर आलं आणि हॉर्न थांबले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रीळ संपायला अवकाश होता, तो सपाता घालूनच दाराकडे धावला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या होत्या, इंजिनं चालू. पलीकडच्या गल्लीतली बर्नाडीन कोस्की नवऱ्याला, रॉयलला, गाडीतच ठेवून टॉवेलात गुंडाळलेलं गरम जेवणाचं भांडं घेऊन खाली उतरली.

"आत का नाही आलात?" आर्विडने विचारलं.

"दिवा बंद होता ना तुझा. म्हटलं, मन बदललं असेल, कशाला त्रास द्या. निघणारच होतो, तेवढ्यात खिडकीत घोडा आला."

"पण तिकडून उलटं दिसतं."

"दिसतं ना. सगळे डावखुरे. आमचा रॉयल डावखुरा, त्याला फार बरं वाटतंय."

आर्विडने सगळ्यांना आत बोलावण्यासाठी घाईघाईने पोर्चचा दिवा लावला. खिडकीतला सिनेमा फिका पडला आणि रस्ताभर हॉर्नचा एकच गिल्ला झाला. त्याने दिवा बंद केला.

"फिल्म पलटून लावली तर तुम्हाला सरळ दिसेल," तो म्हणाला, "पण आवाजाची पट्टी भलत्या कडेला जाईल, आवाज बंद."

"जाऊ दे की. आम्हाला कुठे ऐकू येतोय? आमच्या गाडीत चर्चचे पास्टर बोलतायत हिरॉइनचं. छान बोलतायत."

तिसरं रीळ त्याने पलटून लावलं. आता आठ रिकाम्या खुर्च्यांपुढे मुका, उलटा सिनेमा चालला होता. मागच्या दाराने बर्नाडीन आत आली, टेबल शोधलं, आणि भांडं कपड्यांच्या मशीनवर ठेवलं.

"हे हॉटडिश काही पुरायचं नाही बाई," ती म्हणाली. "एकोणीस गाड्या आहेत."

"किती?"

"एकोणीस. माणसं नाही मोजता आली, काचांवर वाफ धरलीये."

आर्विडचे डोळे भरून आले तरी त्याने ते उजव्या कोपऱ्यावरून हलवले नाहीत. ठिपका काही तिथे दिसला नाही; पलटलेल्या फिल्मवर तो डाव्या कोपऱ्यात येऊन कधीच गेला होता. रीळ संपलं, चादर पांढरीफटक झाली, आणि बाहेर एकोणीसच्या एकोणीस गाड्यांनी हॉर्न दाबून धरले. आर्विडने या वेळी पुढचं रीळ चढवायची मुळीच घाई केली नाही.