तुळजारामाचं नाक आणि आमची चिमणी

सन दोन हजार तेवीस. मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरच्या माणसांच्या आधी तुळजारामाला कळायचं.

हे मी फुगवून सांगत नाही. मी शिंपी. शाळा चौथीत सुटली, मराठी अक्षर घरातल्या भजनाच्या वहीवरून गिरवलं, पण मापापेक्षा जास्त कापड घ्यायची सवय मला नाही. आमचं गाव तमिळनाडूतलं कुंभकोणम, गल्लीत बावीस घरं. एका टोकाला पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ, दुसऱ्या टोकाला रेशनचं दुकान. रोज सकाळी साडेदहाला तुळजाराम देवळाकडून निघायचा. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हात पाठीमागे आणि नाक पुढे. दरेक दारासमोर थांबून निकाल द्यायचा. तो स्वतः काही म्हणायचा नाही. नाक म्हणायचं.

"नाक म्हणतं, आज इथे ताकाची आमटी."

"नाक म्हणतं, या घरचे पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत. कालपासून तूप बंद झालंय."

आमच्या दाराशी आला की आत हाक मारायचा, "वैनी, मोहरीला घाई केलीत. चार दाणे उडायचे राहिले."

गिरिजा, म्हणजे माझी बायको, आतून पळी आपटून म्हणायची, "पाठवते हो भावोजी, ते चार दाणे तुमच्या घरी. तुम्ही उडवा."

त्याचं नाक पोटापाण्याचं होतं. बाजारातल्या एका काफीच्या दुकानात त्याने चाळीस वर्षं बिया भाजल्या. पिंप फिरत असायचं, हा त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभा. मध्येच म्हणायचा, "काढ." तेवढंच. मालकाने एकदा भिंतीवर घड्याळ आणून लावलं. तुळजारामाने त्याच खिळ्यावर आपला शर्ट टांगला आणि तो शर्ट तिथे वीस वर्षं टांगत राहिला.

एकदा नऊ नंबरच्या घरी मुलगी बघायला मायावरमहून मंडळी आली होती. शेजारचा वडीलधारा म्हणून तुळजारामाला बोलावलेलं. मुलीची आई म्हणाली, बज्जी सगळी हिनेच केली. तुळजारामाने बज्जी उचलली, परत ठेवली आणि म्हणाला, "नाक म्हणतं, या घरात आज तेलच तापलेलं नाही."  शेवटी नवरामुलगाच हसत सुटला, म्हणून निभावलं. आज तो त्या घरचा जावई आहे आणि बज्जी अजून हॉटेलातूनच येते.

बायका त्याला नावं ठेवायच्या, पण एखाद्या दिवशी तो न थांबता पुढे गेला तर त्याच बायका दिवसभर फुरंगटून बसायच्या. त्याची स्वतःची बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगी कोइंबतूरला. घरात तो एकटाच.

मग गल्लीत चिमण्या आल्या. शेगडीवर पत्र्याचं टोपडं, आत पंखा, आणि पाइपातून सगळा धूर परसाकडे. तुळजारामाने ते फार मनाला लावून घेतलं. "घरं बघा अण्णा," तो मला म्हणायचा, "तोंडाला फडकं बांधून बसलीत." तेव्हापासून त्याचे निकाल उशिरा यायला लागले. दारासमोर बराच वेळ उभा राहायचा, कान टवकारायचा, उंबऱ्याजवळचा केर बघायचा, आणि चुकला की चिमणीला शिव्या घालायचा. पुढे त्याने घरातला गॅस काढून टाकला आणि करंटची शेगडी आणली. म्हणे, गॅसच्या जाळावर रसम बिघडतं. आम्ही म्हटलं, वय झालं, आता एकेक निघायचंच.

आमच्या घरची चिमणी मुलाने बंगळूरहून पाठवली, आईच्या खोकल्यासाठी. मी म्हणालो होतो, नको. तरी बसवली. मग मी म्हणालो, बसवली ना, आता तिला कोणी हात लावायचा नाही. तीन वर्षं कोणी लावला नाही.

एका गुरुवारी गिरिजा म्हणाली, "अहो, वर काहीतरी कुजलंय."

मी म्हणालो, "काही कुजलेलं नाही."

खरं सांगायचं तर वास मलाही येत होता. पण 'नाही' म्हणून बसलो होतो, आणि एकदा घातलेली शिवण मी उसवत नाही.

"मग बोलवा तुमच्या त्या नाकाला," ती म्हणाली.

तुळजाराम आला. चिमणीखाली उभा राहिला, डोळे मिटले. पुष्कळ वेळ गेला. मग डोळे उघडून आधी गिरिजाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मी छाती काढून उभा होतो.

"नाक म्हणतं, काही नाही वैनी. जुनं तेल बसलंय."

मी जिंकलो. गिरिजा हरणारी बाई नाही. ती बाहेर तिण्णैवर, म्हणजे आमच्या ओट्यावर गेली आणि दोन्ही बाजूंच्या घरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मुलाला सांगून माणूस बोलावते. चिमणीतून काही निघालं ना, तर या नाकाची गल्लीभर वरात काढते."

तुळजाराम हसला. पण पुढच्या तीन दिवसांत तो चार वेळा येऊन विचारून गेला, "माणूस खरंच येणार का?" एकदा म्हणाला, "वैनी, उघडू नका. उघडलं की स्क्रू ढिले पडतात." त्याला स्क्रूंची एवढी काळजी कधीपासून, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मुलाचा फोन आला. "अप्पा, सोमवारी दहाला येईल. ओळखपत्र दाखवेल. दोन तास लागतील. आणि अप्पा, त्याला शिकवायला जाऊ नका."

माणूस आला तो सेल्वम. पन्नाशीचा, कंपनीची टोपी घातलेला. मूळचा नाचियारकोविलचा. वीस वर्षं पितळी समया घासून चकचकीत केल्या, आता चिमण्या करतो. मला बरं वाटलं. हाताला काम माहीत असलेला माणूस होता. तुळजाराम त्याच्या आधीच येऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता.

तुमच्याकडेही कधी असा माणूस येणार असेल तर सांगून ठेवतो, घाबरू नका. आधी तो मेन बंद करतो. शेगडीवर प्लास्टिक घालतो, खाली वर्तमानपत्रं पसरतो. मग जाळ्या काढतो. आमच्या जाळ्या निघाल्या तेव्हा त्यांच्यावरून काकवीसारखं काहीतरी ओघळत होतं. हे सगळं आपल्या पोटात जायचं होतं की काय, असं वाटून जेवणावरची वासना उडते. दोन दिवसांनी परत येते.

तुळजारामाने एक जाळी मागून घेतली आणि नाकाशी धरली. "नाक म्हणतं, ही दिवाळीची चकली."

सेल्वमने टॉर्च घेऊन वर बघितलं. "अय्या, पाइप काढावा लागेल."

"काही गरज नाही," मी म्हणालो.

त्याने काढला. पाइपातून उंदीर पडला. मेलेला, आणि आज-काल मेलेला नव्हे.

त्या वासाचं वर्णन मी करत नाही, कोणी जेवत वाचत असेल. गिरिजा पदर तोंडाला लावून परसात पळाली. सेल्वमने मास्क असूनही मान भिंतीकडे फिरवली. मी खिडकीच्या गजांना नाक लावून उभा राहिलो. तुळजाराम खुर्चीतच होता. शेगडीच्या कट्ट्यामुळे त्याला खालचं दिसत नव्हतं. जाळी नाकाशी धरून तो शांतपणे म्हणाला, "आणि थोडा पापड."

जाळी खाली करून त्याने वर बघितलं. मी खिडकीत. सेल्वम भिंतीकडे. गिरिजा नाही. मग तो अर्धा उठला, त्याला कागदावरचा उंदीर दिसला, आणि मग त्याने हात नाकाकडे नेला.

साठ वर्षं मी कापड बेतलंय. सूतभर चूक माझ्या डोळ्यातून सुटत नाही. तो हात उशिरा गेला.

गिरिजा परसाच्या दारातून आली. नाकावर पदर, पण आवाज मोकळा. "काय भावोजी, जुनं तेल ना? थांबा, शेजारच्या सरोजाक्काला हाक मारते."

तुळजाराम तोंड उघडून उभा राहिला. नाकही काही म्हणेना.

"त्याला काय विचारतेस," मी म्हणालो. "त्याने मला गुरुवारीच सांगितलं होतं. बाहेर गेल्यावर. म्हणाला, अण्णा, उंदीर मेलाय पाइपात. मीच म्हणालो, तिच्यापुढे बोलू नकोस."

"का?"

"मी नाही म्हणून बसलो होतो म्हणून."

गिरिजाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हिला पटायचं नाही, अजून काहीतरी रचावं लागेल. पण तिला तत्काळ पटलं. ते जरा लागलं मला.

"अहो, भावोजींना बिचाऱ्यांना का यात ओढलंत," ती म्हणाली, आणि भिंतीवरून पलीकडे सुरू झाली, "ऐकलंत का सरोजाक्का, आमच्या ह्यांनी काय केलं ते..."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. रेशनवाल्याने संध्याकाळी मला विचारलं, "अय्या, उंदीर कसा होता? ओळखीचा होता का?"

ते असो. सेल्वमने उंदीर कागदात गुंडाळून बाहेर नेला, जाळ्या गरम पाण्यात कसलीशी पूड टाकून भिजत घातल्या आणि म्हणाला, तासभर लागेल. त्या तासात मी आणि तुळजाराम तिण्णैवर जाऊन बसलो. समोरून भाजीची गाडी गेली. त्याने गाडीत वाकून बघितलं, सवयीने.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कोरोना झाला त्या साली. ताप गेला. नाक गेलं ते आलंच नाही."

"आणि इतके दिवस चिमण्यांना शिव्या देत होतास."

"आधी मला खरंच वाटलं अण्णा, चिमण्यांमुळेच."  "मग दुकानात गेलो. भाजणं चालू होतं. पिंपात मानेपर्यंत डोकं घातलं. नवा माणूस म्हणाला, कसं जमलंय राव? मी म्हणालो, नाक म्हणतं, फार छान. सगळे खूश झाले. चालत घरी आलो."

"मग रोज दारोदार सांगतोस कसं?"

"भाजीवालीजवळ उभा राहतो. कोणी काय घेतलं बघतो. कुकरच्या शिट्ट्या मोजतो. बारा नंबरच्या घरी मात्र फ्रिजमध्ये साठवतात, तिथे फसतो."

"सोडून दे ना ते फिरणं."

"आणि साडेदहाला काय करू?"

 आतून ब्रशचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "वैनी तुम्हाला आता जन्मभर बोलून दाखवतील."

"नाहीतर काय गप्प बसणार होती?"

तो हसला. मग उठून, वेष्टी झटकून, देवळाकडच्या रस्त्याने निघून गेला.

सेल्वमने सगळं परत बसवलं, पंखा लावला आणि एक कागद जाळीखाली धरला. कागद वर चिकटून राहिला. असा चिकटला की काम नीट झालं समजायचं. पाइपाच्या तोंडाला जाळी लावून दिली, दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा म्हणाला, सहा महिन्यांनी परत बोलवा म्हणाला. चपला घालताना हळूच म्हणाला, "अय्या, त्या खुर्चीतल्या सरांच्या घरी गॅस नको हं. गळला तर त्यांना कळायचं नाही."

"त्याने आधीच काढलाय," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी स्वयंपाकघरात गेलो. चिमणी सुरू होती, वास कशाचाच नव्हता.

"आज काय करतेयस?" मी विचारलं.

गिरिजाने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावला. बावन्न वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. पुढ्यात येईल ते जेवायचं आणि घरातलं ताट गल्लीत सांगायचं नाही, ही माझी रीत.

"ताप नाहीये. सांग."

"कच्च्या केळ्याची भाजी. रसम. चिंच जरा जास्त पडली रसमात, आता बोलू नका त्यावरून."

मी चपला घातल्या. सव्वादहा झाले होते. तुळजाराम दारात शर्टाची बटणं लावत होता. मी पायरी चढलो नाही. इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणालो, "आमच्याकडे कच्चं केळं आणि रसम. रसमाला चिंच जास्त झालीय. सरोजाक्काकडे भेंडी, भिंतीवरून बघून आलोय."

त्याने शेवटचं बटण लावलं. हात पाठीमागे बांधले.

"चिंच नवी की जुनी?" त्याने विचारलं.

ते मी विचारलं नव्हतं. परत घरी गेलो आणि विचारून आलो.