हरीकाकांची वीस सेकंदं

आमचे हरीकाका फ्रिज उघडण्याआधी चष्मा लावतात. नंबरचा नव्हे, निळा उजेड अडवणारा, पिवळसर काचांचा. फ्रिजमधल्या दिव्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. "डोले हायत, बल्ब नाय, उडला का बदलला!" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकावं लागतं.

काका सांडोरचे. केळीची बाग मुलावर सोपवून ते आता ओटीवर लॅपटॉप घेऊन गावाचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते, घरून काम करते, आणि डोळे चुरचुरायला लागले की काकांकडे चहाला जाते.

पण तिथली शिस्त कडक. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, हा नियम काकांनी मोबाइलवर वाचला आणि एकादशीसारखा पाळला. टायमर वाजला की आधार दुरुस्तीला आलेल्या आजी असोत की पॅनकार्डवाले, सगळ्यांनी बाहेर बघायचं आणि काका खणखणीत आवाजात एक ते वीस मोजणार. एकदा ओटीपी आला आणि वाट बघून बाद झाला. काका तेव्हा सतरावर होते.

एक गोष्ट मात्र कळायला मला वर्ष लागलं. टेपने मोजलेले वीस फूट विहिरीपाशी संपतात. काका बघतात ते कुंपणापलीकडे, अण्णांच्या ओटीवर. अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वाटणीत केळीच्या दोन ओळी कुणाच्या, यावरून दोघांत नऊ वर्षं अबोला.

"काका, विहीर अलीकडे राहिली," मी एकदा म्हणाले.

"मग? जरा लांबचा बघितला तर डोले झिजतात काय?"

मला रागच आला. इतकं बघायचं, तर हाक मारायला काय जातं या माणसाचं?

गेल्या मंगळवारी अण्णांची खुर्ची रिकामी होती. काका वीसवर थांबले नाहीत. तीस झाले, साठ झाले. फॉर्मसाठी आलेल्या आजी मान अवघडली म्हणून कुरकुरायला लागल्या. शंभराच्या पुढे गेल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जाऊन बघ ना जरा. मी सांगितला म्हनू नको."

मी गेले. अण्णा आत पलंगावर काळा चष्मा लावून बसले होते. आदल्या संध्याकाळीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उन्हात बसायची मनाई. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "किती झाले आज?"

"एकशे चौदा."

"रोज ऐकतो मी. आज थांबतच नाय. सांग त्याला, घसा बसेल. हितं येऊन मोज म्हनावं."

निरोप ऐकून काका उठले. अर्धा फॉर्म तसाच, आजी समोर बसलेल्या. "पाच मिन्टांत आलो," म्हणाले आणि गेले.

आजींना शेवटी दुसऱ्या दिवशी यावं लागलं. त्या दिवशी दुपारी दीडपर्यंत काका परतले नाहीत, तेव्हा काकू दोन ताटं घेऊन कुंपणापाशी आल्या आणि मला हाक मारली, "जरा धर गो ही ताटं. नऊ वर्सं झाली मला हितून पलीकडे जाऊन, पाय कुटं टाकायचा तेच आठवत नाय."