सातवं कडवं

लंडनच्या पुलावर डॉर्कस पिम गाणी गाई आणि त्यांचे छापील कागद विकी. प्रत्येक गाण्यावर अश्लीलता तपासणी कचेरीचा शिक्का लागे. शिक्का नाही मिळाला तर गाणारणीला पुलावर बंदी. आणि डॉर्कसला गाण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

नवं गाणं होतं गिरणीवाल्याच्या पोरीचं. बाप अचानक घरी येतो, तिचा यार शिंपी पिठाच्या पिंपात उडी मारतो, आणि बाप नेमका पिंपावरच बसतो.

"अश्लीलता वाचून ठरत नसते," अधिकारी क्रम्पसाहेब गंभीरपणे म्हणाले. "चालीवर गा."

डॉर्कस गायली. साहेबांनी सातव्या कडव्याची सहा वेळा फेरतपासणी केली. तिसऱ्या वेळी कारकून ठेका धरू लागले, चौथ्या वेळी शिपाईही काम सोडून आत आला. सहाव्या वेळी साहेबांनी हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि शेरा मारला: 'सातवे कडवे जनतेच्या कानांस अपायकारक. वगळावे.'

"अहो साहेब, मग पिंपातला माणूस बाहेर कसा येणार?"

"तो विषय या खात्याचा नाही."

छापखानेवाला नॅटकाका कागदावर मोकळी जागा सोडणं पाप समजे. हाताला लागेल तो जुना चित्राचा लाकडी ठसा तो तिथे ठोकून देई. या वेळी सातव्या कडव्याच्या जागी लागला एका जाड्या, नाकाड्या टोपीवाल्याचा. हाच आजवर राजा, दरोडेखोर आणि देवमाशानं गिळलेला साधू म्हणून छापून झाला होता.

"काका, हा तर हुबेहूब क्रम्पसाहेब!"

"असू दे गं. नाकं सगळ्यांनाच असतात."

दुपारपर्यंत अख्खा पूल समजून चुकला: कडवं साहेबांवरच होतं, म्हणून तर त्यांनी कापलं! साहेब दिसले की मासळीवाल्या पिंपं बडवू लागल्या. घरी बाईसाहेबांनी थेटच विचारलं, "कोण ती गिरणीवाली?"

साहेब धापा टाकत पुलावर आले. "पोरी, गा ते कडवं! सरकारी हुकूम आहे! शब्द न् शब्द गा, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"आधी शिक्का, साहेब. कायमचा."

शिक्का बसला आणि डॉर्कस मनापासून गायली. शिंपी शिंकतो, बाप दचकून उठतो, पांढराफटक शिंपी पळत सुटतो आणि गावाला वाटतं भूत. संपलं कडवं.

लोक अजून कान टवकारूनच उभे. मग एक मासळीवाली ओरडली, "एवढंच? ए भवाने, खरं कडवं गा!"

डॉर्कसनं शपथा घेतल्या, पण छे! लोक अजून रोज गर्दी करतात, खरं कडवं ऐकायला. आणि तुम्ही हो, नाक कसलं मुरडता? तुम्ही काय शिंकेसाठी इथवर वाचत आलात?