जाता जाता दिसलेला ठिपका

"मानेत काही उरलेलं नाही. एकदम स्वच्छ!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मामींनी पर्समधून रुमाल काढण्याऐवजी मोबाइल काढला. मुलीला सांगितल्याशिवाय त्यांना धड रडूही येणार नव्हतं. त्या तशाच लगबगीनं बाहेर पडल्या.

दोन वर्षांपूर्वी कातरमामांच्या मानेत लिंबाएवढी गाठ आली होती. ती कॅन्सरची निघाली. औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेले. सलूनवाल्याचंच टक्कल पाहून गिऱ्हाइकं हसली, मामाही हसले, आणि यथावकाश केस परत आले. तेव्हापासून वर्षातून एकदा स्कॅन करायचा आणि निकाल येईपर्यंत दोघांनी एकमेकांसमोर जेवल्यासारखं करायचं, असा घरचा नेम झाला होता.

मामा उठायला लागले, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी कागद उलटला. "जाता जाता एक दिसलंय. आपण बघत होतो मान, पण यंत्र सगळंच बघतं. प्रोस्टेटमध्ये एक बारीक ठिपका उजळलाय. बहुतेक वेळा जुनी सूज असते. तरी रक्त तपासा आणि त्याच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक. सगळ्यांचं तसं नसतं, म्हणून तर तपासायचं."

'जाता जाता' या शब्दांची ताकद मामांना ठाऊक होती. तीस वर्षं ते स्वतः टॉवेल झटकता झटकता गिऱ्हाइकाला सांगत आले होते, "मागे जरा विरळ होतंय हं." त्यानंतर चांगला धडधाकट माणूस महिनाभर डोक्यामागे हात फिरवत हिंडायचा.

बाहेर मामी फोनवर एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. "अजून काय म्हणाल्या हो?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा असा सैल झाला होता. मामांना ठिपक्याचं सांगवेना.

"पाणी भरपूर प्या म्हणाल्या," ते म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून मामी तांब्या घेऊन त्यांच्या पाठीशी लागल्या. उठल्यावर दोन पेले, दुकानात जाताना बाटली, दुपारी पुन्हा बाटली. मामा निमूटपणे पीत होते आणि मनातल्या मनात झुरत होते. प्रोस्टेट पुरुषाला असते एवढं त्यांनी ऐकलं होतं. पण ती नक्की कुठे असते, आणि बासष्ट वर्षं बिनतक्रार पडून राहिलेल्या वस्तूला आताच उजळायची काय हौस आली, हे विचारायचं कुणाला?

चौथ्या दिवशी गोळीशेठ दाढीला आले. चौकातलं औषधांचं दुकान त्यांचं. औषधं ते मोजून देत, बातम्या मात्र सढळ हातानं. हे मामांना माहीत होतं, पण घाबरलेला माणूस बुडत्यासारखाच असतो. फेस लावता लावता मामांनी आवाज खाली आणला.

"शेठ, आपल्या ओळखीचे एक आहेत. साठीच्या आसपासचे. त्यांच्या प्रोस्टेटमध्ये ठिपका निघालाय. गंभीर असतं का हो?"

"लघवीला सारखं जावं लागतं का त्यांना?"

मामांच्या हातातला ब्रश थबकला. सकाळपासून ते पाच वेळा जाऊन आले होते. "हो... लागतं."

"अरे बापरे!" शेठ फेसातून म्हणाले. "कोण हो?"

"आहेत एक. आपल्याकडेच येतात." आणि चोरी पकडली गेल्यासारखी मामांची नजर समोरच्या आरशात गेली. आरशात मागचं बाक दिसत होतं. बाकावर हेडसर बसले होते. शाळेचे मुख्याध्यापक, वय एकोणसाठ, तोंडासमोर वर्तमानपत्र. गोळीशेठनी मामांची नजर पाहिली, आरसा पाहिला, आणि डोळे मिटून सावकाश मान हलवली.

"असं होय," ते पुटपुटले. "देवमाणूस हो. कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही."

त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं बाकी ठेवलं नाही. दोन दिवसांत मामांच्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण विचारू लागला, "हेडसरांचं कितपत पसरलंय हो?" शाळेत शिपाई न सांगता हेडसरांची पिशवी उचलू लागला. क्लार्कनं जवळ जाऊन हळूच विचारलं, "सर, पाण्याबिण्याचं कसं काय?" हेडसरांना वाटलं, हा टाकीबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "गळतेय. दोन वर्षं गळतेय, पण लक्ष कोण देतो?" क्लार्क डोळे पुसत बाहेर आला. आठवड्याअखेर शिक्षकांनी सगळ्यांच्या सह्यांचं 'लवकर बरे व्हा' असं कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. हेडसर खवळले. कोण म्हणालं, त्याला कोण म्हणालं, असं विचारत विचारत ते गोळीशेठपर्यंत पोचले, आणि शेठनी मामांचं नाव सांगून टाकलं.

हे मामांना कळलं. 'सर, ते तुम्ही नव्हे, मी' असं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत ते मामींच्या कानावर जाणार. न सांगावं, तर एका भल्या माणसाला फुकटचं आजारी पाडल्याचं पाप. दर पंधरा दिवसांनी येणारे हेडसर त्या रविवारी आले नाहीत. नंतरच्याही आले नाहीत. कळलं ते एवढंच, की ते रजेवर गेलेत. मामांचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचा डावा कल्ला त्यांनी मुळासकट उडवला.

ती बातमीही मामींपर्यंत गेलीच. त्यांनी जेवायचं ताट बाजूला सारलं. "खरं सांगा. मानेत परत काही आलंय?"

"मानेत नाही."

"मग कुठे?"

मामांनी सगळं सांगितलं. ठिपका, शेठ, आरसा, हेडसर. दूरच्या लॅबमध्ये चोरून रक्त दिलं होतं. त्याचा निकाल दहा दिवस खिशात होता, आणि पाकीट फोडायची छाती झाली नव्हती. "आणि लक्षणंही आहेत गं," ते रडवेले होऊन म्हणाले. "दिवसातून पंधरा-पंधरा वेळा जातो मी."

"जाल नाही तर काय! पाच लिटर पाणी पाजतेय मी तुम्हाला! डॉक्टरांनी सांगितलं म्हणून!"

"ते डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्यापुढचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं तुमच्या शेजारी बसून मी सुई टोचताना बघितली. आणि आता मला हसताना बघायला म्हणून तुम्ही एकटेच मरणार होतात?" दुसऱ्या दिवशी त्याच त्यांना ओढत मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, हातमोजा चढवला, मामांना भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. ते दोन मिनिटांचं प्रकरण मामांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही. एमआरआयही झाला. जुनी सूज, बाकी काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा.

"आता हेडसरांच्या पाया पडून या," मामी म्हणाल्या.

पण हेडसरच आले. भर दुपारी, दुकानात कुणी नसताना. त्यांनी दाराची कडी लावली आणि खुर्चीत बसले. "सुरू करा."

मामांनी कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. "सर, चूक झाली. तो ठिपका माझा होता. तुमचं नाव मी घेतलं नव्हतं, पण नजर गेली..."

"तुमचा?" हेडसर म्हणाले. "मग काय निघालं?"

"काही नाही. सूज."

"हं," हेडसर म्हणाले. "अफवा खोटी आहे हे सिद्ध करायला मी रक्त तपासलं. म्हटलं, निकाल शाळेच्या सूचना फलकावरच लावतो." त्यांनी गळ्याभोवतीचं कापड नीट केलं. "लावता आला नाही."

मामा मटकन बाकावर बसले.

"लवकर सापडलंय. बाहेर कुठे गेलेलं नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काहीच त्रास नव्हता, मग आलात कसे? काय सांगणार? सलूनवाल्यामुळे आलो म्हणून?" ते खाकरले. "उठा आता. आणि एक काम करा. मला ती पिशवी उचलणं, ते कार्ड, ते पुन्हा नकोय. शेठना सांगा, हेडसरांना काहीही झालेलं नाही. तुमच्याकडून गेलेलं लोकांना पटतं."

मामांनी सांगितलं. नुसतं सांगून शेठना पटेना, म्हणून खरं तेच सांगितलं, "अहो, तो मी होतो!" ती नुसती सूज निघाली, हे पुढचं ऐकायला शेठ थांबलेच नाहीत.

दीड महिन्यानं हेडसर केस कापायला आले. सदरा अंगावर जरा सैल झाला होता. लोकांना ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले होते असं ठाऊक होतं. बाकावरून गोळीशेठ लगबगीनं उठले आणि त्यांच्या कानाशी लागले.

"सर, मामांशी जरा सांभाळून बोला. त्यांचं काही खरं नाही हो."

"अरेरे!" हेडसर म्हणाले. हळूच, एका कुशीवर भार देत ते खुर्चीत टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मामा. दगदग करू नका. मध्ये दम लागला, तर माझ्या खुर्चीत बसा."