काचेआडची दहा वाक्यं

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला कागद तिने ओट्यापाशी उघडला. कागदावर छापलं होतं, 'शनिवारी पाण्याची टाकी साफ होणार आहे, तरी सर्वांनी पाणी भरून ठेवावे.'

म्हणजे दुकानात अदलाबदल होऊन सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस तिच्याकडे आली होती. मग तिचा कागद?

तो होता इंग्रजीच्या क्लासचा गृहपाठ. परवा परीक्षा. पास झाली, तर तीन वर्षांच्या खंडानंतर ऑफिसात परत जाता येणार होतं. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, 'जे लोक अमुक करतात, ते तमुक' अशी दहा वाक्यं लिहा. एकट्यादुकट्याबद्दल नकोत, माणसांच्या गटांबद्दल हवीत. आणि पुस्तकातली नकोत, डोळ्यांनी पाहिलेली हवीत. पाहण्यात ती पटाईत होती. मूल झाल्यापासून तिच्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती. अडचण एवढीच, की तिने पाहिलेला प्रत्येक नमुना एकुलता एक होता. तिने सरळ एकेकाचा गट करून टाकला.

मुलाला सासूबाईंकडे सोपवून ती खाली धावली. नोटिशींच्या काचेच्या कपाटात तिची दहाही वाक्यं मधोमध विराजमान झाली होती. कपाटाला कुलूप.

"किल्ली?"

"सेक्रेटरीसाहेबांकडे," वॉचमन म्हणाला. "कागदाची घडी हातात दिली न् गेले बाहेर. संध्याकाळी येतील. इंग्रजी दिसलं म्हणून मी मुद्दाम मधे लावलं."

तोवर पाच-सहा जण जमलेच. निवृत्त हेडक्लार्कनी चष्मा चढवून भाषांतराला सुरुवात केली.

"'जे लोक पहाटे नळाखाली गातात, ते सगळी इमारत जागी करतात.'"

"लोक?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी एकटा नाही! दुसरं कोण हो? कधी ऐकू नाही आलं."

"तुम्ही थांबलात तर येईल ना ऐकू!"

"'जे लोक इतरांची पार्सलं उचलून पत्ते वाचतात...'" हेडक्लार्क अडखळले. "हे अक्षर जरा पुसट आहे. पुढचं बघू."

"पण हे आहे काय?" कुणीतरी विचारलं.

"यादी असणार. वर पाठवायची."

"वर म्हणजे कुठे?"

"तेच तर लिहिलेलं नाही."

ती मनात एकच घोकत होती, आठवं वाचू नका, आठवं वाचू नका. तळमजल्यावरच्या मावशी तिच्या शेजारीच उभ्या होत्या. सासूबाईंना गुडघ्यांमुळे मुलामागे पळवत नसे, म्हणून परवा परीक्षेच्या वेळी मावशीच त्याला सांभाळणार होत्या. आणि हेडक्लार्कनी आठवं अगदी खणखणीत वाचलं, "'ज्या बायका दुसऱ्यांच्या मुलांना चोरून चॉकलेट देतात, त्यांना मुलांच्या दातांची पर्वा नसते.'"

मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्या घरात गेल्या आणि दार लागलं.

दुपारभर शिंपीकाका दारोदार बेल वाजवत "तुम्ही पहाटे गाता का?" विचारत फिरले. चुकून 'हो' म्हणालेल्या एका गृहस्थांना त्यांनी तासभर गाणं ऐकवलं. हेडक्लार्क पार्सलांचं ते वाक्य पाठीने झाकून काचेला टेकून उभे राहिले, जेवायलाही गेले नाहीत. आणि ती घरात येरझाऱ्या घालत माफीची वाक्यं जुळवत राहिली. चार वाजता बेल वाजली. दारात मावशी.

"मावशी, ते वाक्य..."

"तुझंच आहे. या इमारतीत दातांचा एवढा घोर दुसऱ्या कुणाला?"

"चुकलं माझं."

"ते राहू दे बाजूला. मला सांग, बायका कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! 'ज्या बायका' लिहिलंयस. मी तर एकटी. मग दुसरी कोण देते त्याला?" मावशी उंबरा ओलांडून आत आल्या. "इतका जीव लावला मी पोराला, आणि मधेच ही कोण उपटली?"

"अहो, दुसरी कुणीच नाही! गट करायचा होता, म्हणून मी आपलं..."

"मला नको शिकवूस. परवा मी दिलं तर मला म्हणतो कसा, 'हे नको, हिरवं दे.' माझ्याकडे हिरवं कधीच नसतं!"

माफी वगैरे बाजूला राहिली. आता तिलाही राहवेना. कोण असेल?

आतल्या खोलीत कागद सळसळला. "हळू चाव रे. आई येईल," सासूबाई कुजबुजल्या.

दोघी एकदमच आत गेल्या. सासूबाईंनी मूठ पाठीमागे नेली. "एकच देते हो मी. तेही कधीतरी."

"दोन," मुलाने हिरवीगार जीभ दाखवत सांगितलं.

"बघ!" मावशी कडाडल्या. "परवा याला आठ वाजताच माझ्याकडे आणून सोड. इथे मुळीच ठेवू नकोस."

"का म्हणून? सख्खी आजी आहे मी. परवा माझे गुडघे ठणठणीत असणार आहेत."

"तुमचे गुडघे बरे ऐन वेळेला बरे होतात!"

परीक्षेच्या दिवशी मुलाला कोण सांभाळणार, या चिंतेने आठवडाभर तिची झोप उडाली होती. आता त्याच्यासाठी दोघी भांडत होत्या आणि तिला मधे बोलायलाही जागा नव्हती. तिने आठवं वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. बायका अनेक होत्या. फक्त त्यातला 'दुसऱ्यांच्या' हा शब्द तेवढा खोडायला हवा होता.