पाहुण्यांच्या पहिल्या गोलाची बखर

श्री प्रसन्न. सूर्य, चंद्र, पृथ्वी, लाडू आणि चेंडू, वाटोळे जे जे म्हणून आहे त्या सर्वांस नमस्कार करून वर्तमान लिहितो ऐसे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी, डोंगराळ मुलुखी एक राज्य, नाव लिहावयाची आज्ञा नाही, त्या राज्याने पृथ्वीचषकाच्या महारणी जावयाचा मान कैसा मिळविला, आणि त्या समयी किल्लेदार सुभानजी नाईक खराडे यांची अब्रू जाता जाता कैसी राहिली, ते चित्त देऊन ऐकावे.

पृथ्वीचषक म्हणजे सामान्य गोष्ट नव्हे. दर चौथे वर्षी पृथ्वीवरील राज्ये अकरा अकरा असामी घेऊन एका मुलखी जमतात आणि एका चेंडूपायी महिनाभर शर्थीने भांडतात. परंतु बोलावणे सर्वांस नसते. ज्याचे घरी रण, ते यजमान राज्य मात्र न लढता आत, घरचेच कार्य म्हणून. बाकीच्यांनी आपली पात्रता आधी दाखवावी. त्याची रीत ऐसी की, चिठ्ठ्या घागरीत घालून चार चार राज्यांचे गट पाडावे, मग गटातील प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन वेळा लढावे, एक वेळ आपले अंगणी आणि एक वेळ त्याचे अंगणी. जिंकेल त्यास तीन गुण, बरोबरी जाहल्यास उभयतांस एक एक, आणि हरेल त्याने मुकाट घरची वाट धरावी. गुण सारखे भरले तर केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांची वजाबाकी करावी आणि ज्याचे पारडे जड त्यास वर बसवावे. गटात पहिला तोच महारणास जाय. दुसऱ्याने घरी बसून पाहावे आणि पंचांस नावे ठेवावी.

ऐसियास, हे राज्य पिढ्यान् पिढ्या घरी बसून पाहात आले होते. फौज मर्दानी, सरनोबत रायाजीराव डावपेचात पक्का, रयत तर चेंडूपायी वेडी. तरी यश येईना. कारण एकच. या राज्याच्या मूळपुरुषाने सांगून ठेविले होते की, पाहुणा आपल्या दारातून रिक्त हस्ते जाऊ नये. गोष्ट थोरच, परंतु तिचा अर्थ दरबारच्या शास्त्रीमंडळीने ऐसा लाविला की, आपले अंगणी जे राज्य लढावयास येईल तेही पाहुणेच, सबब त्यांचा पहिला फटका अडवू नये. मग रिवाजच पडला. पाहुण्यांचा पहिला फटका येताच किल्लेदाराने, म्हणजे दोन खांबांमधील जाळे जो राखतो त्याने, एक पाऊल बाजूस सरावे, हात जोडावे, आणि "या, आपलंच घर आहे" ऐसे म्हणावे. चेंडू आत गेला की जाळ्यामागे बसलेले त्रिंबकशास्त्री त्यास हळदकुंकू वाहात. पाहुणे प्रथम चकित होत, मग गालात हसत, आणि मग पुढील सामन्याचे वेळी आपल्या बायकामुलांसही घेऊन येत. आणि गंमत ऐसी की, परमुलखी गेल्यावर आपल्यास पहिला गोल कोणी देईना, त्याचा राग फौजेस दर खेपेस नव्याने येई. "काय माणसं! पाणीसुद्धा विचारलं नाही," ऐसे सरनोबत परत येताना म्हणत.

सुभानजी नाईक या किल्ल्याचे किल्लेदार. हात फावड्याएवढे, नजर घारीची, बोलणे थोडे. मागील चषकाचे वेळी दर्याकाठचे राज्य शेवटच्या सामन्यास येथे आले, तेव्हा नाइकांनी रिवाजाप्रमाणे बाजूस सरून त्यांच्या सरदारास, मायाजी भाटकर त्याचे नाव, पहिला गोल दिला. पुढे आपल्या फौजेने जीव तोडून एक गोल फेडला, परंतु दुसरा होईना, बरोबरी जाहली, आणि वजाबाकीत दर्याकाठचे पुढे निघून महारणास गेले. नाइकांस कोणी बोल लाविला नाही. महाराजांनी उलट पाठ थोपटली की रिवाज राखिला. हीच थाप नाइकांस झोंबली. चार वर्षे ते बाजारातून खाली मान घालून चालत, आणि कोणी चेंडूचा विषय काढिला की भाजीचा भाव विचारीत. वय चाळिशीस टेकले, गुडघे कुरकुरू लागले. ही मोहीम शेवटची, हे त्यांस ठाऊक आणि सर्वांस ठाऊक.

यंदा चिठ्ठ्या निघाल्या त्यात वाळवंटाचे राज्य, बेटाचे राज्य आणि पुन्हा तेच दर्याकाठचे. फौजेने कंबर कसली. वाळवंटवाल्यांस त्यांचेच उन्हात खडे चारले, ते येथे आले तेव्हा रिवाजाचा गोल देऊनही वर तीन चढविले. बेटवाल्यांस घरी नमविले, बेटावर वाऱ्याने चेंडू समुद्रात जाऊ लागला तेव्हा बरोबरीवर समाधान मानिले. दर्याकाठी जाऊन तेथेही बरोबरी राखिली. ऐसे करिता करिता एक सामना उरला, दर्याकाठच्यांशी, आपले अंगणी. गुण उभयतांचे सारखे. परंतु घरी वाटलेल्या गोलांमुळे वजाबाकीत आपले पारडे हलके. बरोबरी जाहली तरी ते जाणार आणि हे राहणार. जिंकणे प्राप्त. आणि ज्यांस जिंकावयाचे त्यांसच आधी एक गोल वाढून द्यावयाचा! सरनोबतांनी शास्त्रीबुवांचे पाय धरिले, तर शास्त्रीबुवा म्हणाले, "यश आज येईल, उद्या जाईल. पाहुणा उपाशी गेला तर मूळपुरुषाला तोंड काय दाखवू?" महाराजांस विचारिले, महाराजांनी आढ्याकडे पाहिले. मग आज्ञा जाहली की, रिवाज मोडेल त्याची किल्लेदारी गेली, आणि त्याने पाहुण्यांबरोबरच सीमेबाहेर चालते व्हावे.

नाईक घरी आले आणि ताटावर बसून भात चिवडू लागले. त्यांची बायको लाडूबाई, माहेर दूरचे, रोखठोक बोलणारी. ती म्हणाली, "अहो, भाताशी काय भांडण आहे?"

नाइकांनी सर्व सांगितले. ती ऐकून घेऊन बोलली, "पाहुण्याला रिकाम्या हातानं वाटेला लावू नये, हे आमच्या माहेरीही आहे. पण तुमच्याकडे सगळं उलटंच. हातावर काही ठेवायचं ते जाताना ठेवतात की आल्या आल्या? पाहुणा उंबऱ्यात उभा आणि तुम्ही त्याच्या हातात नारळ द्याल, तर तो म्हणेल, हे आपल्याला हाकलतात!"

नाइकांचा घास हातात राहिला. मग हसले. चार वर्षांनी हसले, म्हणून लाडूबाईस बरे वाटले आणि तिने आणखी भात वाढिला. आणि दुसरे दिवशी नाइकांनी एक शेला आणि एक नारळ आपले मैदानावरील डेऱ्यात आणून ठेविला, सरनोबतांस मात्र सांगितले नाही, कारण सरनोबतांच्या पोटात काही राहात नसे.

सामन्याचा दिवस उजाडला. थंडी ऐसी की शिंगे फुंकणाऱ्यांचे ओठ शिंगांस चिकटले. रयत डोंगरउतारावर माणसास माणूस लागून बसली, महाराजांची स्वारी आली, शास्त्रीबुवा हळदकुंकू घेऊन जाळ्यामागे बसले. पंचाने शिटी फुंकिली. थोडक्याच अवकाशात मायाजी भाटकर चेंडू घेऊन धावत आला आणि त्याने पहिला फटका हाणिला, तोही सैलसाच, कारण रिवाज त्यास ठाऊक. रयतेने हात जोडिले. शास्त्रीबुवांनी चिमटीत कुंकू धरिले. आणि नाइकांनी एका हाताने तो चेंडू झाडावरचा आंबा उतरावा तैसा अलगद उतरवून घेतला.

रयतेचे जोडलेले हात सुटले. मग हलकल्लोळ. शास्त्रीबुवा ओरडले, "किल्लेदार! पाहुणे उपाशी!"

नाइकांनी मागे न पाहता उत्तर दिले, "पाहुणे अजून निघाले नाहीत, शास्त्रीबुवा. जाताना बघू."

महाराजांचा हुजऱ्या धावत आला, आज्ञेची आठवण दिली. नाईक म्हणाले, "महाराजांना मुजरा सांगा. आज्ञा ध्यानात आहे." आणि चेंडू पुढे फेकून दिला. मायाजीच्या तोंडचे हसू गेले. त्याने प्रथमच या किल्ल्याकडे डोळे उघडून पाहिले, आणि मग जे युद्ध पेटले ते काय वर्णावे! दर्याकाठचे लाटेवर लाट येत, आणि नाईक कधी मुठीने, कधी गुडघ्याने, एक वेळ तर तोंडाने, ऐसे करून किल्ला राखीत. पूर्वार्ध गेला, उत्तरार्ध सरत आला, गोल कोणाचाच नाही. मग आपल्यास कोपऱ्याचा फटका मिळाला, चेंडू उंच आला, आणि जोत्याजी वाघमोडे म्हणून आघाडीचा गडी, त्याने सर्वांच्या वर उडी घालून मस्तकाने ऐसा ठोसा दिला की चेंडू जाळ्यात जाऊन फिरत राहिला. डोंगर दणाणला. महाराज आपण राजे आहो हे विसरून शेजारच्या पानदानवाल्यास मिठी मारते जाहले.

परंतु दैवास खोड्या काढावयाची हौस. शिटी वाजावयास क्षण उरले आणि आपल्या एका गड्याने घाबरून मायाजीस पाय घातला. पंचाने दंडाचा फटका दिला. म्हणजे एकटा मारणारा, एकटा किल्लेदार, मध्ये कोणी नाही. गोल जाहला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे दर्याकाठचे महारणास. तेव्हा शास्त्रीबुवा जाळ्यास तोंड लावून रडकुंडीस येऊन म्हणाले, "नाईक, अजून वेळ आहे. एक पाऊल बाजूला व्हा. रिवाजही राहील, किल्लेदारीही राहील. कोणी तुम्हाला बोल लावणार नाही."

"मागच्या वेळीही लावला नव्हता," नाईक बोलिले.

त्या समयी नाइकांचे घर, बायको, हा डोंगर, सर्व एका उडीवर टांगलेले. मायाजीने चेंडू ठेविला, चार पावले मागे गेला, धावला आणि सर्व बळ एकवटून नाइकांचे डावे कोपऱ्यास हाणिला. आणि नाइकांनी कुरकुरणाऱ्या गुडघ्यांस शिवी देऊन डावीकडे झेप टाकिली, बोटांची टोके लागली, चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला. शिटी जाहली. राज्य पात्र जाहले! रयत बांध फुटल्याप्रमाणे मैदानात उतरली, नौबत वाजू लागली, कोणी रडे, कोणी नाचे, कोणी पंचाचेच पाय धरी, आणि नाइकांस उचलून खांद्यावर घेतले.

खांद्यावरून नाइकांस दूरवरचे दिसले. दर्याकाठचे गडी मान खाली घालून दरवाज्याकडे निघाले होते, आणि शास्त्रीबुवा तेथे आडवे उभे. नाइकांचे काळजात लख्ख जाहले. डेऱ्याकडे पाहतात तो डेरा रयतेने केव्हाच पाडिला, शेल्याचे निशाण करून कोणी नाचवीत होता, आणि नारळ फुटून खोबरे वाटले जात होते, एक तुकडा खुद्द सरनोबतांचे तोंडात. मग नाइकांनी खांद्यावरूनच उडी टाकिली, गर्दी फोडीत धावले, दरवाज्यात मायाजीस गाठिले, आणि दुसरे काहीच जवळ नाही म्हणून अंगातील अंगरखा, घामाने ओला, चिखलाने माखलेला, पाठीवर एकाचा आकडा असलेला, तो उतरून दोहो हातांनी त्याचे हातांवर ठेविला. दरबारात मानाची वस्त्रे द्यावी तैसा. ते पाहून जोत्याजीने आपला उतरला, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने, ऐसे करिता अकराही गडी कार्तिकाच्या थंडीत उघडे उभे राहिले, आणि दर्याकाठच्या प्रत्येकाचे हाती एक एक अंगरखा.

महाराज तेथे आले. शास्त्रीबुवांनी मायाजीस विचारिले, "पाहुणे, मूळपुरुषाची शपथ आहे, खरं सांगा. आमच्या दारातून रिकाम्या हातानं चाललात का?"

मायाजीने अंगरख्याकडे पाहिले. त्याचेही डोळे भरून आले होते, हरल्याचे की आणखी कशाचे, देव जाणे. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, मागच्या वेळी तुमचा गोल घेऊन गेलो, तो चार वर्षं मला पचला नाही. लोक शाबास म्हणायचे आणि मी दुसरीकडे बघायचो. आज हरलो, पण हात भरलेले आहेत."

शास्त्रीबुवांनी चिमटीतील कुंकू, जे तेव्हापासून तसेच धरून होते, ते नाइकांचे कपाळी लाविले. महाराजांनी आपला शेला काढून नाइकांचे उघडे अंगावर घातला आणि मग आपणही कुडकुडू लागले. रात्रभर राज्यात साखर वाटली, आणि दुसरे दिवशी नाईक बाजारातून मान वर करून चालले. भाजीवाल्याने भाव आपणहून सांगितला आणि नाइकांनी ऐकिलाही नाही.

घरी आले तो लाडूबाई दाराशी कापड बेतीत बसलेली. नाइकांनी विचारिले, "हे काय?"

ती म्हणाली, "आता दुसऱ्याच्या मुलखात आपण पाहुणे. कोण काय देतं ते बघूच. पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. सामने फार तर आठ, म्हणून अंगरखे नऊ शिवते. प्रत्येक सामन्याला एक उतरवलात तरी घरी येताना अंगात काहीतरी असू दे."

तात्पर्य, येणेप्रमाणे हे राज्य पृथ्वीचषकास पात्र जाहले. पहिल्या गोलाचा मान त्या दिवसापासून बंद, अंगरख्याचा सुरू. पाहुणे भरल्या हाते गेले, यजमान उघडे राहिले, अब्रू सर्वांची झाकली गेली. जैसे घडले तैसे लिहिले. वाचणाराचे अंगणी पाहुणे येवोत, आणि त्यांचे दंडाचे फटके खांबास लागोत. लेखनसीमा.