आर्डिसच्या हॉटडिशला विशेषण

व्हर्लिन स्कोगनला शब्दांची अचूक जाण होती, याबद्दल निदान व्हर्लिनला तरी शंका नव्हती. मिनेसोटातल्या त्या गावाचं साप्ताहिक तोच काढायचा. चर्चच्या जेवणात त्यानं गावातल्याच आर्डिसची हॉटडिश, म्हणजे मांस-भाज्या घालून ओव्हनमध्ये भाजलेला तिकडचा घरगुती पदार्थ, तीनदा वाढून घेतली होती. आता तिनं आपल्याला, एका विधुराला, रविवारी घरी जेवायला बोलवावं, एवढंच त्याला हवं होतं. जेवणाच्या बातमीत विशेषण चपखल बसलं की काम फत्ते.

आर्डिसची हॉटडिश ऑसम होती.

खोडलं. पोरं पिझ्झालाही ऑसम म्हणतात.

आर्डिसची हॉटडिश ट्रिमेंडस होती.

खोडलं. वादळाची बातमी वाटते.

आर्डिसची हॉटडिश टेरिफिक होती.

“टेरिबलच्या फार जवळ जातोयस,” टाइप करणारी लोईस म्हणाली. “गुड लिही, आणि घरी जा.”

व्हर्लिननं तिला समजावलं. कचेरीतली कॉफी हॉरिबल, हमरस्त्यावरचा अपघात हॉरिफिक, आणि हॉटडिश टेरिफिक. लोईसनं कॉफी प्यायली आणि सांगितलं ते टाइप केलं.

त्या गावात नवरा बायकोच्या स्वयंपाकाला फार तर ‘चालेल’ म्हणतो, आणि त्यावर ती आठवडाभर खूश असते. त्यामुळे टेरिफिक वाचून गाव गंभीर झालं. जिवंत, धडधाकट बाईचं एवढं कौतुक कोण करतं? आर्डिसला नक्कीच मोठं दुखणं लागलंय! संध्याकाळपर्यंत गावानं संकटात करायचं ते केलं, घरोघरून जेवण पोचवलं. तिच्या दारात हॉटडिशची रांग लागली. प्रत्येकीवर तेच बटाट्याचे कुरकुरीत गोळे.

व्हर्लिननं पुढच्या अंकात खुलासा छापला.

आर्डिस ठणठणीत आहे. तिची हॉटडिश खरोखरच टेरिफिक होती.

तिच्या दुखण्याबद्दलची उरलीसुरली शंका ‘खरोखरच’नं मिटवली. पाद्रीबाबा तिच्याकडे प्रार्थना करून आले. जाताना हॉटडिश घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी आर्डिस कचेरीत येऊन उभी राहिली.

“मी तुमचं काय बिघडवलं होतं हो, व्हर्लिन?”

व्हर्लिननं नव्या खुलाशासाठी पेन्सिल उचलली.

“रविवारी जेवायला या,” ती म्हणाली. “फ्रिजचं दार लागत नाहीये माझ्या.”

व्हर्लिन गेला. नवा शर्ट घालून, फुलं घेऊन. समोर बसून त्यानं अख्ख्या गावाचा स्वयंपाक निमूटपणे खाल्ला. आर्डिसच्या हातचं म्हणाल, तर मधे एकदा पाणी मिळालं.